दगडातला समुद्र आणि संगणकाची सोडत

आजची जोडी जरा विचित्र आहे, हे आधीच कबूल करतो. एका बाजूला अंतोनिओ टेंपेस्टा (१५५५–१६३०), जन्म फ्लॉरेन्सचा, कारकीर्द रोमची. दुसऱ्या बाजूला जर्मनीचा गेरहार्ड रिश्टर, जन्म १९३२चा. दोघांची कामं शेजारी ठेवली तर साम्य काहीच दिसत नाही, आणि मला तेच हवंय. योगायोगाचा वापर करणाऱ्या जुन्या-नव्या चित्रकारांच्या जोड्या बहुतेक वेळा दिसण्यावरून लावल्या जातात. हा डाग, तो डाग, झालं. पण लिओनार्दोने डागाळलेल्या भिंतींकडे बघा, त्यात डोंगर आणि लढाया सापडतील असं सांगितलं, तेव्हा त्या भिंतीलाच चित्र म्हणावं असं त्याला म्हणायचं नव्हतं. म्हणून आपण एकच प्रश्न धरू: चित्रकाराने सूत्रं कधी सोडली आणि परत कधी हातात घेतली?

टेंपेस्टा दगडावर रंगवायचा. कापून, घासून गुळगुळीत केलेला दगड घ्यायचा आणि त्यातल्या शिरा, डाग, रंगांचे पट्टे बघून ठरवायचं की इथे काय घडू शकतं. तांबड्या समुद्राचा प्रसंग त्याने असा दगडावर केला आहे. मोशे आपल्या लोकांना घेऊन पार होतो, मागून फारोचं सैन्य बुडतं. माणसं, घोडे तेलरंगात. पाणी मात्र बरंचसं दगडानेच दिलेलं, तिथे रंग लावलेलाच नाही. म्हणजे योगायोग आधी, चित्रकार नंतर. आता 'योगायोग' हा शब्द आपला झाला बरं का. त्या काळच्या अनेकांच्या लेखी दगडातली नक्षी ही निसर्गाची कारागिरी होती, आणि निसर्ग देवाचा. मग त्या दगडावर बायबलची गोष्ट रंगवणं म्हणजे अर्धवट चित्र पुरं करण्यासारखंच.

रिश्टरकडे क्रम उलटा होतो. कोलोनच्या कॅथेड्रलची दक्षिणेकडची मोठी खिडकी दुसऱ्या महायुद्धात गेली होती. तिथली नवी खिडकी २००७मध्ये पूर्ण झाली: ११ हजारांहून अधिक काचेचे चौकोन, प्रत्येक साधारण साडेनऊ सेंटिमीटरचा, रंग ७२. चौकोनाचा आकार आणि रंग रिश्टरने ठरवले. कुठल्या चौकोनात कुठला रंग, याची सोडत संगणकाने काढली. पण तीही पूर्ण मोकळी नाही. खिडकीतले काही उभे पट्टे एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत, आणि हा निर्णय माणसाचा. तेवढ्याने डोळ्याला कुठेतरी टेकायला जागा मिळते.

इथवर ही पद्धतीची गोष्ट झाली. पण त्या खिडकीसाठी मूळ मागणी होती विसाव्या शतकातल्या हुतात्म्यांच्या चित्रांची. त्यात ऑशविट्झमध्ये मारले गेलेले माक्सिमिलियन कोल्बे आणि एडिथ श्टाइन होते. रिश्टरने प्रयत्न केला, जमेना, सोडून दिलं. कोलोनचे तेव्हाचे कार्डिनल माइसनर यांना खिडकी रुचली नाही. ही मशिदीत जास्त शोभेल, अशा अर्थाचं ते बोलले. त्यांचा सूर मला पटत नाही. पण तक्रारीच्या मुळाशी असलेला प्रश्न खोटा नाही. ज्यांची नावं आपल्याला माहीत आहेत अशा माणसांच्या जागी सोडत आली, तर ती नम्रता की सुटका?

माझा कल नम्रतेकडे आहे, पण तो टेंपेस्टामुळे. त्याला दगडावर विश्वास टाकता आला, कारण दगडामागे कोणीतरी आहे याची त्याला खात्री होती. रिश्टरच्या यंत्रामागे कोणी नाही, आणि आहे असा आव तो आणत नाही. ऑशविट्झनंतर हुतात्म्यांचे सुंदर चेहरे काचेत बसवण्यापेक्षा मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. तुम्हाला वाटेलच असं नाही. कोलोनला गेलात तर ऊन असताना जा. खिडकीचे रंग आतल्या दगडावर उतरतात आणि उन्हाबरोबर सरकत राहतात.