परदेशी मदत थांबली, तरी गोळी थांबू नये

२०२५ च्या पावसाळ्यात उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत टीबीच्या रुग्णांच्या घरी भेटी देत होते. एका मावशींनी दारातच विचारले, "सिस्टर, अमेरिकेनं पैसा बंद केला म्हणते. आता माह्या पोराच्या गोळ्या बंद होतीन काय?"

मावशींची भीती उगाच नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने इतर देशांना दिली जाणारी मदत थांबवली आणि १ जुलैला ते काम पाहणारी यूएसएड ही संस्थाच बंद केली. त्या पैशावर चालणारी अनेक देशांतली आरोग्याची कामे अडली. मावशींना मी सांगितले, "गोळ्या बंद होणार नाहीत. त्या आपले सरकार विकत घेते." त्यांना धीर आला. मला मात्र घरी जाईपर्यंत तोच प्रश्न छळत राहिला. परदेशी मदतीने आपल्याला नेमके काय दिले? आणि ती गेल्यावर काय उरते?

मदतीने काय दिले

सगळ्यात मोठी देणगी पैशाची नव्हती, ज्ञानाची होती. १९५६ मध्ये मद्रासमध्ये भारत सरकार, मद्रास राज्य, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र काढले. तोवर टीबी झाला की रुग्णाला सॅनेटोरियममध्ये ठेवायचे. गरिबाला ते कुठून परवडणार? या केंद्राने दाटीच्या वस्त्यांमधल्या गरीब रुग्णांचे दोन गट केले. अर्ध्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवले, अर्ध्यांना घरीच औषध दिले. १९५९ मध्ये निष्कर्ष आला: नियमित औषध घेतले तर घरचा रुग्णही जवळजवळ तितकाच बरा होतो आणि घरच्यांना त्यामुळे जास्त धोका होत नाही. आज तुमच्या घरातला रुग्ण घरी राहून, शक्य झाले तर कामावर जाऊन बरा होतो, त्याचा पाया तिथे घातला गेला.

१९९७ मध्ये जागतिक बँकेच्या सुमारे १४ कोटी डॉलरच्या सवलतीच्या कर्जावर नवा टीबी कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. हे दान नव्हे, कर्ज होते, म्हणजे फेड आपल्याच पैशातून. मार्च २००६ पर्यंत तो देशभर पोहोचला. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचा, म्हणजे एमडीआरचा उपचार या कार्यक्रमात २००७ मध्ये गुजरात आणि महाराष्ट्रात सुरू झाला. आपले नागपूर त्यातल्या पहिल्या केंद्रांपैकी एक. ही औषधे फार महाग, तिथे ग्लोबल फंडाचा पैसा कामी आला.

रुग्णाच्या नावाची पेटी

मी नोकरीला लागले तेव्हा डॉट्सचे दिवस होते. नवा रुग्ण नोंदला की त्याच्या नावाची लाल पेटी निघायची. तिच्यात पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत पूर्ण औषध. पेटीवर त्याचे नाव, म्हणून ती दुसऱ्याला द्यायची नाही. औषध मध्येच संपले, हे शब्द रुग्णाला ऐकावे लागत नसत. पेटी महाग नव्हती, पण तिच्यामागे एक शिस्त होती. रुग्ण आधी मोजायचे, औषध आधी आणायचे, मगच उपचार सुरू करायचा.

२०१७ मध्ये रोजच्या गोळ्यांची पद्धत आली. ती रुग्णासाठी चांगलीच आहे. पण मार्च २०२४ मध्ये देशभर टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा पडला आणि केंद्राला राज्यांना सांगावे लागले की तुमच्या पातळीवर खरेदी करा. तेव्हा अमेरिकेची मदत सुरूच होती. म्हणजे गोळी थांबायला परदेशच कारण लागते असे नाही. आपल्या घरची शिस्त ढिली झाली तरी पुरते.

मशीनचेही तेच. बेडक्यातला टीबी आणि रिफाम्पिसिन या औषधाला तो दाद देतो की नाही, हे दोन तासांत सांगणारे यंत्र आले. गोव्यातल्या एका कंपनीने ट्रूनॅट हे आपले यंत्र बनवले आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते मान्य केले. पण एका केंद्रावर मी यंत्र कापडाखाली झाकलेले पाहिले आहे. कार्ट्रिज नव्हते, तंत्रज्ञ दुसऱ्या कामावर पाठवलेला. रुग्ण बाई दोनदा ऑटोचे पैसे खर्चून आली आणि तिसऱ्यांदा आलीच नाही.

यंत्र कोणीही देईल. ते रोज चालवणारा माणूस, त्याचा पगार, कार्ट्रिजची वेळेवर खरेदी ही जबाबदारी मात्र आपल्याच सरकारची आणि महापालिकेची. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले आहे. ते परदेशाच्या दयेवर सोडता येत नाही.

आपण काय करायचे

१. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी ताप, वजन घटणे, बेडक्यात रक्त, यांपैकी काही असेल तर जवळच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात बेडका तपासा. तपासणी मोफत आहे.

२. रुग्णाचे नाव निक्षय पोर्टलवर नोंदले का, ते विचारा. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये या हिशेबाने पैसे बँक खात्यात येतात. आले नाहीत तर लेखी विचारा. हा तुमचा हक्क आहे.

३. घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्या.

४. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नका. साध्या टीबीला किमान सहा महिने लागतात. अर्धवट सोडलेला टीबी एमडीआर होऊ शकतो.

५. केंद्रात गोळी नाही म्हटले तर परत फिरू नका. किती दिवस नाही, कधी येणार, हे लिहून मागा. १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर सांगा. चार घरांनी मिळून नगरसेवकाकडे जा.

त्या मावशींचा मुलगा आता बरा आहे. उपचार संपले त्या दिवशी त्यांनी मला रिकामे पाकीट दाखवले. "एकही चुकवली नाही पोरानं," त्या म्हणाल्या. तुमच्या वस्तीत ज्याच्या हाती आज असे पाकीट आहे, त्याच्या पुढच्या महिन्याच्या गोळ्या केंद्रात आल्या आहेत का, ते या आठवड्यात जाऊन विचारा.