आरावरचा स्वयंपाक : गोवरी, कोळसा आणि जाळी

परसात भाजणीचे साधन घ्यायचे, तर जाळी आणि डबा पाहण्याआधी जळण ठरवावे. दुकानात बार्बेक्यू म्हणून मिळणाऱ्या वस्तू दिसायला कितीही वेगळ्या असल्या, तरी काम एकच करतात : निखारा धरून ठेवतात, त्याला हवा देतात आणि पदार्थ त्याच्यापासून ठरावीक अंतरावर राखतात. वाशीम जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजासारख्या गावात हे काम यंत्रावाचून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मारुतीच्या पारावर किंवा शेतात घातलेल्या रोडग्यांच्या, म्हणजे निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, पंगती म्हणजे तेच काम. रोडगा महाराष्ट्रात किती जुना, हे एकनाथांच्या भारुडात तो नवसाला बोलला जातो यावरूनच कळते.

लाकूड, शेण, काडी, काहीही पेटवले तरी ते दोन टप्प्यांत जळते. पहिल्या टप्प्यात जळणातले वायू बाहेर पडून पेट घेतात. ज्वाळ, धूर आणि काजळी तेव्हाच. वायू संपले की कोळसा उरतो आणि तो ज्वाळेवाचून लाल धगधगतो. हाच आर. भाजायचे ते आरावर. ज्वाळ असताना घाईने ठेवलेला पदार्थ बाहेरून करपतो, आत कच्चा राहतो आणि धुराने कडवट लागतो. या नियमाला अपवाद एकच, आणि तो वऱ्हाड-खानदेशात सर्वांना ठाऊक आहे : भरताचे वांगे. त्याला ज्वाळ चालते, कारण करपलेली साल काढूनच टाकायची असते. तुराट्या आणि पऱ्हाट्या भडकन पेटतात आणि लवकर विझतात. वांग्याला तेवढे पुरते. खानदेशातल्या जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. काड्यांवरचा भाजका वास मात्र कुठल्याही वांग्याला येतो.

रोडग्याला याच्या उलट मंद, लांबणारी धग लागते आणि ती गोवरीच देते. गोवरीत राखेचे प्रमाण लाकडापेक्षा पुष्कळ जास्त. राख निखाऱ्यावर थर धरते, हवा कमी पोचते, म्हणून आर हळू जळतो आणि बराच वेळ एकसारखा राहतो. वजनाला वजन धरले तर गोवरीची उष्णता लोणारी कोळशाच्या साधारण निम्मीच भरते. रोडग्याच्या बाबतीत ही उणीवच उपयोगी पडते. जाड दळलेल्या गव्हाच्या पिठात मोहन, मीठ, ओवा घालून कणीक घट्ट भिजवतात, छोट्या पुऱ्यांचे थर एकावर एक लावतात आणि मोठ्या पारीत गुंडाळून गोळा वळतात. एवढ्या जाड गोळ्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. आर तेज असेल तर वरचे कवच काळे पडते आणि मधले थर चिकट राहतात.

म्हणून गोवऱ्या रचून पूर्ण पेटू द्याव्यात, धूर थांबून वर पांढरी राख धरेपर्यंत वाट पाहावी, मग आर पसरून रोडगे मांडावेत आणि सतत फिरवावेत. कवच कडक झाले, कुठेकुठे तडकले, की गरम राखेत दडपून ठेवावेत. आतले थर तिथे शिजतात. मग राख झटकून, फोडून, वर तूप, तुरीचे वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. या जेवणासाठी विकतची कुठलीही जाळी लागत नाही, आणि जाळीवर रोडगा जमतही नाही, कारण राखेत दडपण्याची सोय तिथे नसते. थंडीतल्या हुरड्याचेही तसेच. ज्वारीची कणसे आगटीच्या आरातच खुपसावी लागतात. वाशीमच्या रानात आता सोयाबीनच अधिक, त्यामुळे हुरड्यासाठी ज्वारीच्या चार ओळी मुद्दाम राखाव्या लागतात.

जाळीचा उपयोग खरा होतो तो कोंबडी, मासे, पनीर आणि मक्याच्या कणसांना. तिथे बाभळीचा कोळसा उत्तम. बिनझाकणाची लोखंडी शेगडी सर्वांत स्वस्त आणि बहुतेक घरांना तेवढी पुरेशी. झाकणाची गोल भट्टी 1952 मध्ये अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी बनवली. ते काम करत त्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे लोखंडी बोये तयार होत. तसल्याच गोलाचे दोन भाग करून त्यांनी भट्टी आणि झाकण केले. झाकणामुळे धग वरूनही फिरते आणि झरोक्यांनी हवा आवरता येते, म्हणून अख्खी कोंबडी भाजायची असेल तर हीच घ्यावी. गॅसची जाळी सोयीची, पण निखाऱ्याचा वास तिला येत नाही. स्मोकरमध्ये मांस आगीपासून दूर, साधारण 110 ते 130 अंश सेल्सिअसच्या धुरात कित्येक तास ठेवतात. तो चिवट, मोठ्या तुकड्यांसाठी आहे. आपल्याकडच्या लहान तुकडे करण्याच्या पद्धतीत त्यावर पैसा घालण्यात अर्थ नाही.

गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातून अर्ध्या ड्रमची शेगडी करून घेणे परवडते. ड्रममध्ये आधी काय भरले होते ते मात्र विचारावे; कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा असेल तर घेऊ नये. कोंबड्यांच्या खुराड्याची जस्त चढवलेली जाळी वापरू नये, तापल्यावर जस्ताचा धूर अंगाला बाधतो. रंगवलेले लाकूड आणि प्लायवुडही जाळू नये. कण्हेरीच्या काड्या सळई म्हणून कधीही वापरू नयेत. ते झाड विषारी आहे.

शेगडीत सगळा कोळसा एका बाजूला सारावा. धगीच्या बाजूला पदार्थाला रंग येतो, रिकाम्या बाजूला तो शिजतो, आणि चरबी ठिबकून ज्वाळ उठली तर सरकवायला जागा राहते. तळहात जाळीच्या वीतभर वर धरून दोन-तीन सेकंदांत ओढून घ्यावा लागला तर धग तेज, पाच-सहा सेकंद टिकला तर मध्यम. कोंबडीचा जाड भाग आत 74 अंशांपर्यंत तापला पाहिजे. तापमापक नसेल तर हाडापाशी चिरून पाहावे, गुलाबी दिसले तर परत ठेवावे.

आर खोलीत किंवा बंद पडवीत कधीही ठेवू नये. धूर दिसत नसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो आणि त्याला वास नसतो. चैत्रात दुपारचा वारा सुटला की कुटाराची गंजी आणि गोठा दूर, वाऱ्याच्या उलट दिशेला आहेत ना, हे पाहूनच पेटवावे. राखेखालचा निखारा दुसऱ्या सकाळपर्यंतही जिवंत राहू शकतो. म्हणून राख उकिरड्यावर टाकण्याआधी पाणी ओतून काठीने ढवळावी आणि हाताला पूर्ण गार लागल्यावरच उचलावी.