सकाळचा पहिला सेल्फ

इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने 1930च्या सुमारास सावकाश चालणारं एक डिझेल इंजिन बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच ‘सीएस’ ही अक्षरं घातली. सीएस म्हणजे कोल्ड स्टार्ट. आधीच्या कित्येक ऑइल इंजिनांचं डोकं पहाटे ब्लोलॅम्पने तापवत बसावं लागे. हे मात्र थंडगार असतानाही नुसत्या हँडलवर सुरू होणार, हीच त्याची जाहिरात. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या नकला केल्या आणि मिनिटाला साडेसहाशेच्या आसपास फेरे घेणारी ती अवजड इंजिनं आपल्याकडच्या विहिरींवर आणि पिठाच्या गिरण्यांत रुळली. तिथपासून कॉमन रेलपर्यंतचा काळ नजरेखालून घातला तर एक गंमत दिसते. इंजिन सुरू करणं दर पिढीला सोपं होत गेलं, पण ते सुरू का होत नाही हे ओळखायची रीत मात्र विस्कटत गेली. थंडीच्या नावावर बिल फाडायची सवय आपल्याला याच सोयींनी लावली, असं माझं मत आहे.

हँडलच्या काळात तपासणी आणि सुरुवात ही दोन वेगळी कामं नव्हती. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलायचा, फ्लायव्हील वेगात आणायचं आणि लिव्हर सोडायचा. पिस्टन वर जाताना हाताला जो अडसर लागे, तेच कॉम्प्रेशनचं माप. हँडल मऊ फिरलं तर रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, हे गेज न लावता कळे. लिव्हर उचललेला असताना नोझल ‘कर्र’ वाजला तर डिझेल पोचतंय आणि फवारा ठीक आहे. आवाज नाही, तर लाइनमध्ये हवा आहे. म्हणजे एकाच खेपेत हाताने हवेची आणि कानाने इंधनाची खबर घेतली जाई. सेल्फ आला आणि चालकाचा हात इंजिनापासून सुटून चावीपाशी गेला. खांदे वाचले, हे खरंच. पण खबर मिळायची बंद झाली.

मग हीटर प्लगचा जमाना आला. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजचं ओएम 616 हे इंजिन आपलंसं केलं, आणि टाटांच्या सुमो-इंडिकापर्यंत अशीच प्रीचेंबरची डिझेलं गावोगावी पोचली. या रचनेत फवारा आधी छोट्या कोठडीत उडतो. कोठडीच्या भिंती दबलेल्या हवेची ऊब शोषून घेतात, म्हणून निरोगी इंजिनालाही पहाटे प्लगची ऊब लागते. ट्रकच्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांना आपल्या हवेत ती एरवी लागत नाही. जुन्या मर्सिडीजमध्ये प्लग मालिकेत जोडलेले असत, एक जळला की सगळे गार. पुढे समांतर जोडणी आली, तेव्हा एक मेला तरी गाडी तीनवर थरथरत सुरू होऊ लागली. पण दोन्ही रचनांनी गॅरेजला एक आयता आरोपी दिला. सकाळी गाडी उठत नाही? प्लग बदला.

हा आरोप किती टिकतो ते गणितानेच पाहावं. 21:1 कॉम्प्रेशनच्या सिलिंडरात 30 अंशांची हवा दाबली तर, ऊब अजिबात बाहेर जात नाही असं धरून, ती कागदावर साधारण 750 अंशांवर जाते. निफाडच्या पहाटेची 10 अंशांची हवा घेतली तर 685 च्या घरात. म्हणजे थंडीने खाल्ले ते सारे 65-70 अंश, आणि डिझेल तर अडीचशेच्या आसपासच पेट घ्यायला तयार असतं. आता त्याच 10 अंशांच्या हवेचा थोडा भाग रिंगांजवळून निसटतोय आणि सेल्फ रेंगाळत फिरत असल्याने ऊब भिंतींत मुरतेय, असं समजून या गणितातला घातांक 1.4 ऐवजी 1.25 धरा. (आकडा नमुन्यादाखल आहे, पण दिशा खरी आहे.) हवा 335 च्या आतच अडकते. पेटायला वेळ लागतो आणि तोवर पिस्टन खाली निघालेला असतो. हवामानाने सत्तर अंश नेले, झिजेने आणि सुस्त सेल्फने साडेतीनशे. आरोपी कोण, हे यापुढे विचारायला नको. थंडी उरलासुरला टेकू तेवढा काढून घेते.

म्हणून जुन्या मिस्त्रींचा क्रम मला अजूनही पटतो: आधी फेरे, मग धूर, मग ऊब. सेल्फ जोमात फिरतो का? नसेल तर बॅटरीची टर्मिनलं, अर्थिंगची केबल आणि इंजिनातलं जाड ऑइल बघा, पुढचं सगळं नंतर. जोमात फिरूनही सायलेन्सरमधून धूरच नसेल, तर डिझेल पोचत नाही. रात्रभरात ते टाकीकडे उतरलं असणार. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी घातली की सकाळी तिच्यात बुडबुड्यांची माळ सरकताना दिसते, आणि हातपंप मारल्यावर गाडी उठली तर वाद मिटला. पांढरा, डोळे चुरचुरवणारा धूर असेल, तर डिझेल येतंय पण पेटत नाही. तेव्हा कुठे प्लगची पट्टी सोडून बॅटरीच्या प्लसवरून टेस्ट लॅम्प एकेका प्लगच्या डोक्याला लावायचा. चारही ठिकाणी दिवा लागला की तारा शाबूत, आणि संशय कॉम्प्रेशन आणि टायमिंगवर. कॉम्प्रेशनचं गेज लावावं, मग सिलिंडरमध्ये जेमतेम चमचाभर ऑइल टाकून पुन्हा लावावं. काटा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह.

यावर व्यवहारी आक्षेप असा की प्लग स्वस्त आहे, तो आधी बदलण्यात जातं काय? जातं ते हे, की नव्या प्लगच्या जादा उबेवर झिजलेलं इंजिन आणखी एक हिवाळा ढकलतं आणि काम काढायची वेळ येते तोवर लायनरही गेलेला असतो. तपासून जळका निघाला तर जरूर बदलावा, त्याला कुणाची ना नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: थंडी खरोखरच गुन्हेगार असते अशी ठिकाणं आहेत. आहेतच. लडाखमध्ये डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बसतो आणि इंजिन नवंकोरं असलं तरी उठत नाही. त्यासाठीच इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल तिथे आणलं. पण लडाखची सबब बीड-लातूरच्या गाडीला कशी लागू पडेल?

आता स्कॅनर आहे, हा दम नाकाने धूर हुंगणाऱ्यांना हमखास दिला जातो. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत स्कॅनर लावायला जागाच नाही. आणि 2005 च्या आगेमागे आपल्याकडे आलेली कॉमन रेलची डिझेलंही आता वीस वर्षांची झाली. तिथे स्कॅनर रेलचं प्रेशर चढत नाही एवढंच सांगतो, कोणत्या नोझलमुळे ते सांगत नाही. मग मिस्त्री रिटर्नच्या चार नळ्या चार बाटल्यांत सोडतो, सेल्फ मारायला सांगतो आणि कोणत्या बाटलीत डिझेल भराभर चढतंय ते उकिडवा बसून बघतो.