पऱ्हाटी निघाली की दोन दिवस दोघांचे



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वर्षाचे वेळापत्रक शेत ठरवते. मृगाची पेरणी, निंदण-डवरण, पोळा, सोयाबीनची सोंगणी, सीतादही करून सुरू होणारी कापसाची वेचणी आणि मग तूर. या धबडग्यात घरधन्याला निदान बँक, बाजार समिती, जिनिंग, तालुक्याची कचेरी अशा निमित्ताने गावाबाहेरची हवा लागते. नागपूरच्या कृषी प्रदर्शनाला गावातले आठ-दहा जण गाडी करून जातात. जावेच. पण त्या गाडीत घरधनीण क्वचितच दिसते. तिचा प्रवास माहेर, लग्नकार्य आणि दवाखाना एवढ्यावरच थांबतो. ज्या कापसावर घराचे वर्ष निघते, तो बोंडाबोंडातून वेचणारे हात मात्र बहुतेक तिचेच असतात.

कृषी विस्ताराच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. या काळात खताची मात्रा, फवारणीची वेळ, बियाण्याचा वाण अशा शिफारशी आम्ही पुष्कळ केल्या. आज एक वेगळी शिफारस करतो. वर्षातून दोन दिवस नवरा-बायकोने जोडीने बाहेरगावी जावे. थोडी खरेदी करावी, एखादे चांगले गाणे समोर बसून ऐकावे, एक रात्र मुक्काम करावा आणि परत यावे. हा शहरातल्या लोकांचा शौक आहे असे समजू नका. नीट बेत आखला तर तो आपल्यालाही परवडतो. कसा, ते सांगतो.

वेळ कोणती निवडावी?

यवतमाळचा दुर्गोत्सव सगळीकडे नावाजलेला आहे. आजूबाजूच्या गावांतून माणसे देखावे पाहायला लोटतात. पण आश्विनात सोयाबीन घरात यायचे असते आणि कापूस फुटू लागलेला असतो. त्या दिवसांत संध्याकाळपुरते जाऊन यावे, मुक्कामाचा बेत करू नये.

खरी सवड मिळते ती पौषात, म्हणजे जानेवारीत. मात्र ज्याने फरदड ठेवली त्याला ही सवड कधीच मिळत नाही. कापूस डिसेंबरअखेर संपवा, पऱ्हाटी उपटा, शेत मोकळे करा, असे आम्ही दरवर्षी सांगतो. गुलाबी बोंडअळीला खायला बोंडच उरले नाही, की तिची साखळी तुटते. दोन वेचण्यांच्या लोभाने पऱ्हाटी उभी ठेवली, तर पुढच्या हंगामासाठी अळी पोसली जाते आणि घरातल्या बाईची पाठही मोकळी होत नाही. तेव्हा फरदड न ठेवण्याचा आणखी एक फायदा मांडून ठेवा : दोन मोकळे दिवस.

ज्यांच्याकडे ओलित आहे, त्यांनी गहू-हरभऱ्याच्या दोन पाण्यांमधले दिवस धरावेत. पाणी देऊन निघालात, तर दोन दिवसांत काही बिघडत नाही.

गुरांचे काय?

हा प्रश्न पहिला येणार, हे मला ठाऊक आहे. त्यावर आपल्याच जुन्या पद्धतीचा उपाय आहे. पेरणीला बैलजोडी कमी पडली की आपण सावड करतो. तशीच सावड इथे करावी. या आठवड्यात शेजारच्या जोडप्याने तुमच्या गाईची धार काढावी, बैलांना वैरण-पाणी करावे; पुढच्या आठवड्यात तुम्ही त्यांचे काम पाहावे. चार घरांनी मिळून ठरवले, तर महिनाभरात चार जोडपी जाऊन येतील आणि कुणाचे कुणावर उपकार राहणार नाहीत. घरी सासूबाई असतील, तर नातवंडे त्यांच्याजवळ आनंदाने राहतात. खरे म्हणजे अशा बेतात सासूबाईंनीच पुढाकार घ्यावा. ‘तुम्ही दोघं जाऊन या, मी आहे’ एवढे त्या म्हणाल्या, की निम्मा संकोच तिथेच गळून पडतो.

कुठे जावे?

यवतमाळहून नागपूर साधारण दीडशे किलोमीटर. पांढरकवड्याकडचे लोक हैदराबाद रस्त्याने थेट पोचतात. पुसद-उमरखेडकडच्यांना प्रवास लांबचा आहे; त्यांनी पहाटेची गाडी धरावी.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. या केंद्रातर्फे हिवाळ्यात ‘ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा’ आणि लोकनृत्य समारोह भरतो. निरनिराळ्या राज्यांतले कारागीर हातमागाचे कापड, मातीची भांडी, बांबूच्या, लाकडाच्या, धातूच्या वस्तू घेऊन येतात. ज्याने वस्तू घडवली तोच ती विकायला बसलेला असतो. संध्याकाळी तिथेच ठिकठिकाणचे लोककलावंत नाचतात, गातात. खरेदी आणि कार्यक्रम एकाच आवारात होतात, हे आपल्यासारख्यांना सोयीचे. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी जरूर करावी.

निव्वळ गाणे ऐकायचे असेल, तर त्याच भागात डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे आणि रेशीमबागेत २०१७ साली सुरू झालेले कविवर्य सुरेश भट सभागृह आहे. दोन्ही नावे आपल्या वऱ्हाडची. सुरेश भट अमरावतीचे. वसंतरावांचा जन्म १९२० सालचा, मूर्तिजापूरचा. कापसाच्या गाठी वाहण्यासाठी घातलेली आपली शकुंतला गाडी यवतमाळहून ज्या मूर्तिजापूरला जाई, तेच हे गाव. त्यांचे गाण्याचे शिक्षण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले. पुढे पुण्यात कारकुनी करता करता त्यांनी गाणे सांभाळले. ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ सालच्या नाटकातली त्यांची खाँसाहेबांची भूमिका अजून लोकांच्या बोलण्यात आहे. पोटासाठी एक काम आणि मनासाठी दुसरे, ही ओढाताण शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

एक सूचना लक्षात ठेवा. डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरात असते. त्या दिवसांत खोल्या मिळणे कठीण जाते आणि सिव्हिल लाइन्समधले रस्ते अडवलेले असतात. ते दिवस टाळावेत.

खर्चाची चार पाकिटे

घरातून निघण्यापूर्वी पैसे चार पाकिटांत घालावेत : प्रवास, मुक्काम, जेवणखाण आणि खरेदी. एका पाकिटातले दुसऱ्यात घालायचे नाहीत.

प्रवास एस.टी.ने करावा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, म्हणजे जोडप्याला दीड तिकीट पडते. साध्या बसने दोघांचे जाणे-येणे हजार रुपयांच्या आत होते. घरचे आईवडील पासष्ट वर्षांवरचे असतील तर त्यांनाही अर्धे तिकीट आहे, आणि पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे. मुलांनी आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांनाही असे एकदा पाठवावे. उतरायचे ते गणेशपेठच्या बसस्थानकावर. जवळपास साध्या, स्वच्छ खोल्या मिळतात. खोली आधी पाहावी, भाडे ठरवावे, मगच सामान ठेवावे. दोघांची ओळखपत्रे बरोबर असू द्यावीत.

प्रवासाला एक हजार, मुक्कामाला दीड हजार, जेवणखाणाला एक हजार आणि खरेदीला अडीच-तीन हजार धरले, तर सहा-साडेसहा हजारांत बेत बसतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला होता. म्हणजे हा सारा खर्च एका क्विंटलच्या आत आहे. ती वेचते त्या सगळ्या कापसातून एक क्विंटल दोघांच्या नावाने बाजूला काढायचा, एवढाच हा हिशेब.

मात्र हातउसने घेऊन जाऊ नये. सोसायटीचे किंवा कृषी केंद्राचे देणे थकवूनही जाऊ नये. वर्ष बुडीत गेले असेल तर यवतमाळलाच एक दिवस जाऊन यावे, दत्त चौकात चार वस्तू घ्याव्यात, एखादा कार्यक्रम ऐकून रात्री परतावे. किंवा शेजारच्या गावचा भजनाचा सप्ताह गाठावा. अंतर कमी झाले तरी चालेल, जोडीने जाणे सुटू नये.

खरेदी डोळसपणे

सीताबर्डीला फुटकळ खरेदी बरी. गांधीबाग आणि इतवारी हा कापडाच्या ठोक व्यापाराचा भाग. कापूस पिकवणाऱ्याने कापड ओळखायला शिकलेच पाहिजे. ‘शुद्ध सुती’ म्हणून दुकानदार जे दाखवील त्याचा एक सुटा धागा मागून घ्यावा आणि दुकानाबाहेर येऊन काडीने पेटवून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळत्या कागदासारखा येतो आणि मागे मऊ राख उरते. पॉलिस्टरचा धागा वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. धागा जळून मऊ राख झाली, तरच पुन्हा आत जावे.

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावचे कोसा कापड पाहण्यासारखे असते. विदर्भाच्या पूर्वेकडील जंगलात ऐनाच्या झाडांवर किडे पोसून हा रेशमी धागा मिळतो. ते महाग असते. नुसते हात लावून पाहायलाही पैसे पडत नाहीत.

संक्रांत जवळ असेल तर हळदीकुंकवाचे वाण मेळ्यातच घ्यावे. मातीच्या पणत्या, बांबूच्या टोपल्या असे वाण घरात वापरले जाते आणि पैसा कारागिराच्या हातात पडतो. वर्ध्यावरून परतणाऱ्यांनी मगन संग्रहालय पाहावे. ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते ते सुरू झाले. तिथे कापसापासून खादीपर्यंतचा प्रवास पाहता येतो, खादीही मिळते. सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्यावा.

आणि एक : खरेदीचे पाकीट तिच्या हातात द्यावे. काय घेतले, किती घेतले, हे विचारू नये.

गाणे ऐकताना

‘आपल्याला त्यातले काय कळते?’ असे म्हणून पुष्कळ जण सभागृहाच्या दारातूनच परततात. ज्यांनी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजेरी भजने लहानपणापासून ऐकली, ज्यांच्या गावात काकड आरतीला टाळ-मृदंग वाजतो, त्यांचा कान तयार झालेला असतो. ताल चुकलेला आपल्या बायांना लगेच कळतो.

शास्त्रीय गाणे सुरुवातीला फार सावकाश चालते. तिथे कंटाळू नये. उन्हाळ्यात आपण नांगरटी, वखरपाळी करतो, तेव्हा वावरात हिरवे काहीच दिसत नसते. तशीच ती मशागत समजावी. गायक एकेक सूर नांगरून घेत असतो. अर्ध्या तासाने पीक वर येते. मोबाइल बंद ठेवावा, गाणे चालू असताना उठू नये, दोन गाण्यांच्या मधे उठावे. लोकनृत्याचा कार्यक्रम असेल, तर पुढच्या रांगेत बसावे. आपल्या कोलाम-गोंड बांधवांची दिवाळीतली दंडार पाहिलेल्या डोळ्यांना परप्रांतातला नाचही परका वाटत नाही.

तिथे बसताना बुजू नये. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन आपल्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे या शेतकरी भगिनीच्या हस्ते झाले. एवढ्या मोठ्या व्यासपीठावर आपली बाई मानाने उभी राहिली. मग सभागृहातल्या खुर्चीवर बसायला कसला संकोच?

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रोत बसून पाहावे. ती २०१९ साली सुरू झाली आणि सीताबर्डीच्या स्थानकावरून सगळीकडे जाते. महाराजबाग पाहावी. शेजारीच १९०६ साली स्थापन झालेले कृषी महाविद्यालय आहे. ते बाहेरूनच पाहावे. या दोन दिवसांत आमच्या खात्याच्या कोणत्याही कचेरीत पाऊल टाकू नये आणि बियाण्याचा भाव विचारू नये.

यातून काय मिळते?

गाण्याने कर्ज फिटत नाही आणि साडीने बोंडअळी मरत नाही. हे मी जाणतो. पण आपल्या जिल्ह्याने जे दुःख पाहिले आहे, त्यातला एक भाग न बोललेल्या काळजीचा आहे. सोसायटीचे किती देणे आहे, दागिना कुठे गहाण आहे, विम्याचे काय झाले, हे पुष्कळ घरांत फक्त पुरुषाला ठाऊक असते. तो ते एकटाच डोक्यात घेऊन फिरतो. बाईला सुगावा लागलेला असतो, पण विचारायला सवड नसते. चूल, गुरे, वावर, मुले, आणि रात्री दोघेही थकून झोपतात. एस.टी.च्या बाकावर मात्र तीन तास शेजारी बसावे लागते. तिथे हिशेबाची वही काढू नका. खिडकीबाहेरची तूर पाहता पाहता बोलणे आपोआप निघते. एकदा ते निघाले, की ओझ्याचे दोन वाटे होतात. पुष्कळदा तिच्याजवळ असा तोडगा असतो, जो आमच्या कुठल्याही पुस्तिकेत नसतो.

‘लोक काय म्हणतील?’ असा प्रश्न उरतोच. पहिल्या वर्षी लोक हसतील. दुसऱ्या वर्षी विचारतील, खोलीला भाडे किती पडले? तिसऱ्या वर्षी तुमच्या गाईची धार काढायला स्वतःहून येतील, कारण पुढच्या आठवड्यात त्यांची पाळी असेल.

तेव्हा यंदा शेवटची वेचणी झाली, पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचली, की संध्याकाळी घरी आल्यावर तिला एवढेच विचारा : कोणती गाडी धरायची, सकाळची की दुपारची?