तारेचे वेटोळे आणि गिटारचा स्वर

सतार किंवा वीणा यांचा नाद भोपळ्याच्या पोकळीत घुमून मोठा होतो. विद्युत् गिटारचे अंग पुष्कळदा भरीव लाकडाचेच असते. तिची तार नुसती छेडली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. तरीही हजारोंच्या सभागृहाला पुरेल एवढा स्वर तिच्यातून निघतो. त्याचे मूळ तारांच्या खाली बसविलेल्या बोटभर लांबीच्या एका साधनात आहे. त्यास पिकअप म्हणतात. काही लोहचुंबक आणि त्यांभोवती गुंडाळलेली तांब्याची अतिसूक्ष्म तार, एवढीच त्याची सामग्री. आणि म्हणूनच थोडा धीर व हाताला वळण असलेल्या माणसाला तो घरी तयार करता येतो.

त्यामागील तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली प्रयोगाने दाखविले. वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युत्‌दाब उत्पन्न होतो. गिटारची पोलादी तार खालच्या चुंबकामुळे स्वतः किंचित चुंबकित होते. ती थरथरली की क्षेत्रही थरथरते, आणि सेकंदाला ४४० कंपने असतील तर वेटोळ्यात तितक्याच आवर्तनांचा क्षीण प्रवाह खेळू लागतो. ध्वनिवर्धक त्याला मोठे करतो. नायलॉनच्या तारांवर हा पिकअप मुका राहतो, याचे कारण यावरून सहज ध्यानात येईल.

या शोधाचा आरंभही घरगुती होता. नृत्यवृंदाच्या गजरात गिटार ऐकू येत नाही, ही त्या काळच्या वादकांची अडचण होती. लॉस एंजेलिस येथील जॉर्ज बीचम यांनी १९३१ च्या सुमारास घरीच प्रयोग केले. वेटोळे गुंडाळण्यासाठी त्यांनी कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर वापरली, असे सांगतात. त्यातून निघालेले वाद्य मांडीवर आडवे ठेवून वाजविण्याचे, हवाईयन पद्धतीचे होते. वाटोळे अंग आणि लांब मान यांमुळे लोकांनी त्याला ‘फ्राइंग पॅन’ म्हणजे तळणीचा तवा असे नाव दिले. १९३७ साली बीचम यांना त्याचे पेटंट मिळाले. व्हॅन शिप्ले यांच्या तबकड्यांवर चित्रपटगीतांच्या धुना ऐकलेल्या भारतीय श्रोत्यांना या कुळातील वाद्याचा स्वर परका वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. फेंडर कंपनीने १९५४ साली आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप नवशिक्याला सोयीचा. तंतुपत्र्याच्या दोन पट्ट्या आणि त्यांत ठोकून बसविलेले सहा चुंबकदंड मिळून त्याचे रीळ होते. हे दंड ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट मिसळलेल्या लोखंडाच्या अल्निको नावाच्या मिश्रधातूचे असतात. दंडांवर प्रथम लॅकरचा हात किंवा पातळ चिकटपट्टी द्यावी; नाहीतर तारेवरील लेप घासून वेटोळे चुंबकाला चिकटते आणि पुढे गंजते. वापरावयाची तार ४२ गेजची, म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीची, माणसाच्या केसाच्या जोडीची. तिचे जवळजवळ ८,००० फेरे द्यावयाचे असतात. ती सारी तार उलगडली तर एक किलोमीटरहून थोडी लांब भरेल.

शिवणयंत्राची, पायाने वेग कमीजास्त करता येणारी मोटर या कामी उत्तम. मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या गतीने वीस मिनिटांत वेटोळे पुरे होते. फेरे मोजण्यासाठी चक्रीवर छोटा चुंबक चिकटवून त्याच्या वाटेत रीड स्विच ठेवतात आणि तो साध्या गणकयंत्राच्या बरोबरीच्या कळीला जोडतात. दर फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. तारेची रिकामी न होणारी मोठी गुंडी जमिनीवर उभी ठेवावी, म्हणजे ती न फिरता तार वरून मोकळी सुटते. तार अंगठा आणि तर्जनी यांत मऊ कापडातून सोडावी. ओढ अधिक झाली तर ती ताणून बारीक होते किंवा तुटते; ओढ कमी पडली तर फेरे सैल राहतात आणि पुढे शिट्टीसारखा आवाज करतात. योग्य ओढ कोणत्याही पुस्तकातून समजत नाही, ती बोटांनाच शिकावी लागते. फेंडरच्या कारखान्यात १९५६ पासून हे काम करणाऱ्या ॲबिगेल इबारा २०१३ साली निवृत्त झाल्या. त्यांच्या हातच्या वेटोळ्यांना आजही वादक जपतात.

फेरे वाढविले की आवाज मोठा होतो, पण वरच्या पट्टीची चमक मंदावते. म्हणून अधिक म्हणजे चांगले, हा हिशेब येथे चालत नाही. फेरे शेजारी शेजारी काटेकोर न बसविता थोडे विखुरले, तर वेटोळ्यातील विद्युत्‌धारिता घटते आणि स्वर जरा उजळ होतो.

काम संपल्यावर मल्टिमीटरने रोध मोजावा. तो ६,००० ओहमच्या आसपास यावा. काटा हललाच नाही तर तार कोठेतरी तुटली आहे. मात्र तांब्याचा रोध उष्णतेने वाढतो. २० अंशांवर ६,००० ओहम दाखविणारे वेटोळे ३५ अंशांवर सुमारे ६,३५० दाखवील. मे महिन्यात नागपुरास घेतलेले माप डिसेंबरात सिमल्यास घेतलेल्या मापाशी ताडून कोणी चूक काढू नये. त्यानंतर वेटोळे वितळलेल्या पॅराफिन व मधमाश्यांच्या मेणात सुमारे ६५ अंशांवर बुडवितात, म्हणजे सैल फेरे जागी बसतात. मेण पेट घेते. ते उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यातच वितळवावे, उघड्या आचेवर कधीही नव्हे.

एका वेटोळ्याला घरातील विजेची घरघरही ऐकू येते. गिब्सन कंपनीचे सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर तोड काढली. दोन वेटोळी उलट दिशांनी जोडून त्यांचे चुंबकध्रुवही उलट ठेवले, की घरघर परस्परांत विरते आणि तारांचा स्वर मात्र मिळून वाढतो.

या ज्ञानाचा खरा उपयोग नवे वाद्य सजविण्यापेक्षा जुने वाचविण्यात आहे. वर्षानुवर्षे घाम लागून केसाएवढी तार एके ठिकाणी गंजते, आणि धडधाकट गिटार मुकी होते. ती टाकून देण्याचे कारण नाही. जुनी तार उकलण्यापूर्वी तिची जाडी, गुंडाळण्याची दिशा आणि होकायंत्राने पाहिलेला चुंबकाचा ध्रुव वहीत टिपून ठेवावा. दिशा चुकली, तर नवे वेटोळे आपल्या जोडीदाराशी भांडते आणि दोघांचा मिळून स्वर पोकळ येतो. ही टिपणे नीट असली, तर थोडकी तार, एक निवांत दुपार आणि स्थिर हात एवढ्या भांडवलावर मुक्या वाद्याला पुन्हा वाचा फुटते.