अंगावरून वारे गेले, पण कोणत्या धमनीतून?

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून रुग्णाचे नातेवाईक दवाखान्यात येऊन ‘अंगावरून वारे गेले’ असे सांगतात, तेव्हा निदानाचा निम्मा भाग त्यांनीच उरकलेला असतो. पक्षाघाताचे वर्णन चरकाने चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात वातव्याधींमध्ये केले आहे; शास्त्रातला वायू लोकभाषेत ‘वारे’ होऊन पाड्यापर्यंत पोहोचला आहे. एक हात, एक पाय लुळा आणि तोंड वाकडे, एवढे दिसले की घरची म्हातारी माणसेही निदान करतात. अडचण येते ती हात-पाय धड असताना.

काही वर्षांपूर्वी भातलावणीच्या दिवसांत पन्नाशीचा एक शेतकरी आमच्याकडे आणला गेला. पहाटेपासून चक्कर, ओकाऱ्या, मधूनमधून उचकी. मूठ घट्ट, चेहरा सरळ, आवाज मात्र किंचित घोगरा. आम्ही अम्लपित्त ठरवून सूतशेखर दिला आणि त्याला घरी पाठविले. संध्याकाळी तो पाणी पिताना ठसकू लागला. दुसऱ्या दिवशी नाशिकला एमआरआय झाला, तेव्हा मेंदूच्या मागील भागाचा रक्तपुरवठा तुटल्याचे निष्पन्न झाले. त्याला आम्ही एकदा उभे करून चार पावले चालवून पाहिले असते, तर तो एका बाजूला कोसळतो हे तिथेच कळले असते. ती चूक आमची होती, आणि प्रस्तुत लेख तिच्यातूनच निघाला आहे.

शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू शरीरातील प्राणवायूचा सुमारे २० टक्के भाग वापरतो आणि शिल्लक काहीच ठेवत नाही. हा पुरवठा मानेतून वर जाणाऱ्या चार धमन्या करतात : पुढच्या बाजूने दोन कॅरोटिड, पाठीमागून मणक्यांच्या छिद्रांतून चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. मागच्या दोन एकत्र येऊन बेसिलर धमनी होते. मेंदूच्या तळाशी या सर्व जणी एका कड्याने जोडल्या जातात. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला विलिसचे वर्तुळ म्हणतात. एक वाट बंद झाली तर दुसरीने पाणी वळावे अशी ती निसर्गाची सोय होय. मात्र अनेकांत हे कडे अपुरे असते. कड्याच्या पुढे तर उतारावरच्या भातखाचरांसारखी स्थिती असते. वरचा पाट बुजला की शेवटचे खाचर आधी सुकते.

सुश्रुताने शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात कंठनाडीच्या दोन्ही बाजूंस दोन नीला व दोन मन्या अशा चार धमन्या सांगून त्यांच्या आघाताने मूकता, स्वरवैकृत आणि रसज्ञानाचा नाश होतो असे म्हटले आहे. नीला-मन्या म्हणजेच आजच्या चार धमन्या, असे समीकरण मांडण्याचा मोह आम्ही टाळतो. मानेतल्या वाहिनीला इजा झाली की वाणी जाते, हे निरीक्षण मात्र प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लिहिले गेले नसावे.

सर्वांत अधिक वेळा बाधित होते ती मधली धमनी. चेहरा आणि हात पायापेक्षा अधिक दुर्बल होतात. डाव्या बाजूची बंद पडली तर बहुतेकांची वाचा जाते. उजव्या बाजूची बंद पडली तर प्रकार फसवा असतो : रुग्ण स्वच्छ बोलतो, पण शरीराची डावी बाजू आपली आहे हेच विसरतो. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. ‘मला काही झाले नाही’ असे तो स्वतःच सांगतो, घरचे निर्धास्त होतात आणि दवाखाना गाठायला उशीर होतो.

पुढची धमनी बंद पडल्यास दुर्बलता मुख्यतः पायाला येते. वेदना नसताना एकाएकी पाय ओढू लागला तर त्याला गृध्रसी म्हणून कटिबस्ती देत बसू नये. काही रुग्ण गप्प होतात, हाक मारली तरी उत्तर देत नाहीत, कपड्यात लघवी करतात. अशा माणसाला आधी भगताकडे नेले जाते, आणि त्या कुटुंबाला दोष देण्यात अर्थ नाही. लक्षण दिसतेच तसे. मागची धमनी गेली तर अर्धी दृष्टी जाते. एका बाजूची माणसे दिसेनाशी झालेला रुग्ण मोतीबिंदूची तक्रार घेऊन येतो. मोतीबिंदू एका तासात होत नाही, एवढे ध्यानी ठेवले की पुरे.

बेसिलर व व्हर्टिब्रलच्या क्षेत्रात चक्कर, एकाची दोन दिसणे, गिळण्यास त्रास, घोगरा आवाज व न थांबणारी उचकी आढळते. चेहऱ्याच्या एका बाजूचे आणि अंगाच्या विरुद्ध बाजूचे उष्ण-शीत व वेदनेचे ज्ञान जाणे ही तर मेंदूच्या देठाची खूणच होय. आमच्या शेतकऱ्यात यांपैकी तीन लक्षणे होती.

हा भेद वेळेसाठी जाणायचा आहे. धमनी गुठळीने बंद झाली असेल, तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मोठ्या धमनीतील गुठळी नळीवाटे काढण्याची सोय २०१५ नंतर रूढ झाली. निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंतही उपयोगी पडते. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक गाठण्यातच दोनएक तास सहज जातात, आणि पावसाळ्यात घाटाचा भरवसा नाही. म्हणून पहिला प्रश्न ‘केव्हा झाले?’ हा असावा, आणि रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ चिठ्ठीवर लिहावी. झोपेतून उठताना लक्षण दिसले तर रात्री निजण्याची वेळ धरावी. स्कॅनची सोय कोठे आहे आणि ती रात्री चालते का, हे प्रत्येकाने आजच फोन करून विचारून ठेवावे.

१०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत तोंडाने काहीही देऊ नये; काढा नाही, चाटण नाही, नस्यही नाही. गिळणे बिघडलेले असेल तर ते फुप्फुसात जाते. रक्तातील साखर तपासावी, कारण साखर उतरल्यानेही पक्षाघातासारखे चित्र दिसते. जिभेखाली निफेडिपिन ठेवून रक्तदाब झटकन उतरविण्याची जुनी सवय सोडावी. ॲस्पिरिनही स्कॅनपूर्वी नको. गुठळी आहे की रक्तस्राव, हे नाडीवरून सांगता येत नाही. नाडीपरीक्षेचा अभिमान आम्हालाही आहे, तरीही हे लिहितो.

औषधी दुकानदार मित्रांना एक विनंती. दिवाळीनंतर येथील कुटुंबे वीटभट्ट्यांवर भिवंडी-वसईकडे जातात आणि रक्तदाबाच्या गोळ्या तिथे सुटतात. जाण्यापूर्वी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम नेण्यास त्यांना सुचवावे.

मुलांविषयीही लिहिणे आवश्यक आहे. आपल्या भागातील आदिवासी जमातींत सिकलसेलचा आजार आढळतो. त्यात ताठर झालेल्या रक्तपेशी कॅरोटिडच्या टोकाशी व मधल्या धमनीच्या आरंभी आतील भिंतीला इजा करतात, आणि ती वाट हळूहळू अरुंद होते. भारतातील सिकलसेल तुलनेने सौम्य मानला जातो, तरी शाळकरी मुलाचा एक हात अचानक ढिला पडला तर हा विचार प्रथम करावा. २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणी होते. पांडुरोग म्हणून लोहभस्म सुरू करण्यापूर्वी ती करून घ्यावी.

तीव्र अवस्था सरल्यावर मात्र आपले क्षेत्र सुरू होते. चरकाने पक्षाघातात स्वेदन आणि स्नेहयुक्त विरेचन सांगितले आहे. अभ्यंग व षष्टिकशाली पिंडस्वेदाचा अनुभव आपणा सर्वांनाच आहे. अभ्यंग करताना लुळा हात ओढू नये, कारण सैल पडलेला खांदा निखळतो आणि पुढे तीच वेदना रुग्णाला व्यायाम करू देत नाही. त्या शेतकऱ्याला नाशिकहून परतल्यावर आम्ही तीन आठवडे नाचणीची घट्ट पेज देववली : ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, एका वेळी अर्धा चमचा. पातळ पाण्याने ठसका लागे, पेजेने लागत नसे. चौथ्या आठवड्यात तो पेल्याने पाणी प्यायला. चालताना काठी अजून लागते.