गोळी हवी, तशी खिडकीही हवी!

क्षयाचा जंतू जात पाहत नाही, असे डॉक्टर सांगतात. खरे आहे. पण अंधाऱ्या, कोंदट खोल्या कोणाच्या वाट्याला येतात, ते आम्ही चांगले जाणतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली क्षयरोगाला जागतिक आणीबाणी ठरवले. त्यातूनच कार्यकर्त्यासमोर गोळी गिळण्याची 'डॉट्स' पद्धत जगभर गेली. १९९७ पासून ती आपल्या सरकारी कार्यक्रमात आली. या औषधांनी लाखो जीव वाचले, ते आम्ही नाकारत नाही. मग २०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करण्याचे लक्ष्य का हुकले? जगातल्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजही भारतात का?

उत्तर गोवंडी-मानखुर्दला मिळते. रस्ते, रेल्वे प्रकल्पांसाठी उठवलेल्या झोपडीवासीयांना तेथे लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंडमध्ये घरे दिली. पण दोन इमारतींमध्ये अंतर अवघे तीन मीटरच्या आसपास! या वसाहतींच्या २०१८ च्या अभ्यासात खालच्या मजल्यांवरच्या घरांत क्षयाचे प्रमाण अधिक आढळले. वारा जंतू उधळून लावतो, ऊन त्यांना मारते. तेथे दोन्ही पोहोचत नाहीत. म्हणजे रोग नकाशातच आखला गेला!

म्हणून आज घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगराकडे पाहणे भाग आहे. ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात याच वस्तीतल्या दहा जणांचा बळी गेला. आता तेथील हजारो कुटुंबांचा पुनर्विकास हाती घेतला आहे. पक्के घर मिळते आहे, आनंद आहे. पण बांधवांनो, चावी घेण्याआधी नकाशा मागा. दोन इमारतींत अंतर किती? पहिल्या मजल्यावर ऊन येणार का? स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडणार?

रुग्णाला पोषणासाठी महिन्याला पूर्वी ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० मिळतात. महागाईत ते किती पुरणार? बाबासाहेबांच्या संविधानाचे कलम ४७ लोकांचे पोषण व आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगते. ती मेहेरबानी नव्हे.

दोन आठवड्यांवर खोकला असेल तर लाजू नका. पालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषध मोफत आहे. औषध अर्धवट सोडू नका. आणि हवा, उजेड हक्काने मागा. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी लढलेला समाज वाऱ्यासाठी गप्प कसा बसेल? जयभीम!